अग्निबाणाची काया



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अग्निबाणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या नातवाच्या गटाने घडविलेली अग्निबाणाची नळी वजनाखाली दाबून पाहताना उभी चिरली. मुले खचली, तयार नळी विकत आणावी, असा विचार सुरू झाला. ती चीर पाहून मला आपल्या बालाघाटच्या रानातील बांबू आठवला.

बांबू उभा सहज फाटतो. आडवा तोडणे मात्र कष्टाचे, कारण त्याचे तंतू लांबीच्या दिशेने असतात. मुलांनीही काचतंतू बहुतेक उभेच घातले होते. टोपली विणणारा कामट्या आडव्या-तिरप्या का नेतो, याचे उत्तर त्या चिरेत होते.

तिरोडीच्या खाणीतील मँगनीज पोलादाला बळ देते, हे आपण जाणतो. परंतु पोलाद पाण्याच्या पावणेआठ पट जड. काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचे संमिश्र सुमारे दुप्पटच. तंतू ताण सोसतो, पण दाबाखाली वाकतो. राळ त्याला जागी धरते आणि भार शेजारच्या तंतूकडे पोहोचविते. दोघांपैकी एकट्याने हे काम होत नाही.

रीत अशी : गुळगुळीत दंडगोल साच्याला मेण चोळावे, राळ व हार्डनर तोलून मिसळावे, कापडाचे थर एकेक भिजवीत गुंडाळावे, बुडबुडे दाबून काढावे आणि जादा राळ पुसून घ्यावी, ती बळ न वाढविता केवळ वजन वाढविते. काही थरांचे धागे उभे-आडवे, तर काहींचे ४५ अंशांत तिरपे असावेत. कार्बनतंतू रेडिओलहरी अडवितात, म्हणून प्रक्षेपकयंत्र असलेला भाग काचतंतूंचाच करावा.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अपयशी ठरले. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेव्हा डॉ. वसंत गोवारीकर होते. त्या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याच्या मोटारीचे कवच तंतू आणि राळ यांच्या संमिश्राचेच होते. शेवटच्या टप्प्यात वाचलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वाट्याला येतो.

मुलांनी नळी विकत आणली नाही. तिरपे थर घालून दुसरी घडविली. तिने ते वजन पेलले. आपल्या शाळेतील मुलांनीही एकदा बांबू विणणाऱ्या कारागिराशेजारी बसावे, एवढीच या व्याख्यानाच्या निमित्ताने माझी विनंती आहे.