ट्रॉली सुटते ती हुकातून! हंगामाआधी पिन, रिंग आणि साखळी एकदा बघून घ्या

दसरा झाला की माळशिरस, पंढरपूर, माढा भागातल्या गॅरेजांपुढं ट्रॅक्टरची रांग लागते. कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत टायर, क्लच प्लेट, ऑइल, ट्रॉलीचे पाटे सगळं बघितलं जातं. टेपसुद्धा नवा बसतो. बघायचा राहतो तो हुक. दोन ट्रॉल्यांचा मिळून पंधरा-वीस टन ऊस ज्या वीतभर लोखंडाच्या भरवशावर रस्त्यानं जातो, त्याची पिन कित्येकदा तीन हंगाम जुनी असते, नाहीतर बांधकामाच्या सळईचा तुकडा असतो.

ट्रॅक्टर घेताना शोरूमवाला हुक, टॉप लिंक, बंपर, ड्रॉबार अशी यादी वाचून दाखवतो. त्यातला ड्रॉबार आणि हुक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिली गफलत इथंच होते. हायड्रॉलिकच्या दोन हातांमध्ये बसणारी भोकाभोकांची आडवी पट्टी हलक्या कामासाठी असते. तिला भरलेली ट्रॉली अडकवू नये. हात वर-खाली झाले की जोडणीची उंची बदलते, आणि हात बाजूला हलले की ट्रॉली शेपटासारखी डोलते. ट्रॉलीचा हुक हा ट्रॅक्टरच्या मागच्या बॉडीला बोल्टांनी पक्का बसवलेला असतो. त्याच्या दोन जबड्यांमध्ये ट्रॉलीच्या दांडीची रिंग जाते आणि वरून पिन पडते.

उंची चुकली तर ट्रॅक्टर उभा राहतो

हुकाला उंची कमी-जास्त करायची भोकं असतात. वर बसवला की दांडी जमिनीला घासत नाही, म्हणून बरेच जण तो वरच्या भोकात चढवतात. हे धोक्याचं आहे. ओढ कायम मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खालून लागली पाहिजे. खालून ओढ लागली तर पुढची चाकं जमिनीला दाबून राहतात. ती एक्सलच्या वरून लागली, तर मागची चाकं चिखलात अडकल्यावर इंजिन चाकाला फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरलाच उचलतं. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून फसलेली ट्रॉली ओढणारे असेच मागं पालथे होतात. ट्रॅक्टर उभा व्हायला लागला की ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

उसाच्या फडातून डांबरी रस्त्यावर चढायची जी छोटी टेकाडासारखी चढण असते, तिथं हे जास्त होतं. चढाचं गणित साधं आहे. दहा फुटाला एक फूट चढ असेल तर वीस टन वजनाला नुसतं मागं घसरू न देण्यासाठीच दोन टनांची ओढ लागते. चाकांचं रुतणं आणि सुरुवातीचा झटका त्यात धरलेलाच नाही. अशा ठिकाणी दोन ट्रॉल्या एकदम न काढता एकेक वर काढून रस्त्यावर जोडलेल्या बऱ्या. वेळ जातो, पण जाऊ द्यावा.

दोन चाकी ट्रॉलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिचा थोडा भार हुकावर पडतोच, आणि तो पडायलाही पाहिजे. ऊस मागं जास्त भरला की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं होऊन घसरतं. पुढं जास्त भरला की उलटं होतं, हुक खाली दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. भरून झाल्यावर ट्रॉलीची दांडी साधारण जमिनीला समांतर दिसली पाहिजे. चार चाकी ट्रॉलीचा असा भार हुकावर येत नाही, पण म्हणून तिची ओढ कमी होत नाही.

युरोपात लोक कारच्या मागं चाकावरचं घर, म्हणजे कॅराव्हॅन, लावून फिरायला जातात. त्या कारच्या मागं ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा बसवलेला असतो, आणि किती वजन ओढायचं, गोळ्यावर वरून किती किलो चालेल हे त्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं. आपल्याकडं गावच्या वर्कशॉपात बनवलेल्या हुकावर असं काही नसतं. पण ट्रॅक्टरच्या सोबत मिळालेलं पुस्तक असतं, त्यात ट्रेलरच्या वजनाची मर्यादा बघावी. इंजिन ओढतंय म्हणजे हुकाला आणि ब्रेकला झेपतंय, असं होत नाही.

पिन बारीक झाली की ताकद किती जाते?

समजा पिन ३० मिलिमीटरची आहे आणि घासून मधोमध २५ ची झाली. डोळ्याला फरक किरकोळ वाटतो. पण पिनेची ताकद तिच्या गोलाईच्या क्षेत्रफळावर असते, म्हणून जाडी सहाव्या हिश्श्यानं गेली तरी ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं जाते. रिंगही तेवढीच झिजलेली असते. मग जोडणीत ढिलेपणा येतो आणि प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक गियरला रिंग पिनेवर हातोड्यासारखी आदळते. गाडी चालताना मागून ‘खाड खाड’ आवाज येतो तो हाच.

पिन काढून पुसावी, मध्ये कंबर पडली असेल तर बदलावी. लेथवाल्याकडून करून घ्यायची तर ईएन-८ सारख्या चांगल्या स्टीलची घ्यावी, भंगारातला रॉड नको. नटबोल्ट पिन म्हणून वापरू नये, कारण आटे असलेल्या जागी लोखंड बारीक असतं आणि भार नेमका तिथं आला तर बोल्ट तिथूनच कापला जातो. पिनेच्या खालच्या भोकात लॉक क्लिप पाहिजेच. खड्ड्यात पिन वर उडते, आणि बाइंडिंग तार किंवा खिळा महिनाभरात गळून पडतो.

झिजलेल्या रिंगेला आतून वेल्डिंग भरून घ्यायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. स्वस्त पडतं हे खरं. पण वेल्डिंगच्या कडेचं लोखंड ठिसूळ होऊ शकतं आणि पुढं चीर तिथंच पडते. रिंग, दांडीचा सांधा आणि हुकाच्या बोल्टांभोवती डिझेलनं धुऊन बघितलं तर केसासारखी चीर दिसते. दिसली की पुन्हा वेल्डिंग न भरता तो भागच बदलावा.

साखळी त्याच पिनेत अडकवू नका

सेफ्टी साखळी बऱ्याच ट्रॅक्टरला असते, पण ती त्याच पिनेत अडकवलेली असते. मग पिन तुटली की साखळीही सुटली. साखळीचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या बॉडीवर वेगळ्या जागी घट्ट पाहिजे. दोन साखळ्या असतील तर दांडीच्या खालून एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. जोडणी सुटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. वळण घेता येईल एवढी ढील ठेवावी, जमिनीवर घासेल एवढी नको.

हेच सगळं पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाला लागू आहे. दुसऱ्या ट्रॉलीचा सगळा हिसका तो खातो. नुसता मागच्या चॅनलला चिकटवलेला हुक चालत नाही. आतून जाड प्लेट देऊन आरपार बोल्ट मारलेले पाहिजेत.

उतारावर हुकावरचा भार उलटा होतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळं मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं आणि जोराचा ब्रेक मारला की ट्रॅक्टर आडवा फिरतो. उतार लागायच्या आधीच खालचा गियर टाकावा, न्यूट्रल करू नये. शेतात वळायला सोडलेली दोन ब्रेक पेडलची कडी रस्त्यावर येताना जोडलीच पाहिजे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो.

ट्रॉलीचं पासिंग आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, तोही तपासून ठेवावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे.

मागचा लाल रिफ्लेक्टर आणि दिवा लोंबणाऱ्या उसानं आणि वाढ्यानं झाकला जातो. ऊस भरून झाल्यावर ड्रायव्हरनं मागं जाऊन एकदा मोबाइलची बॅटरी मारून बघावी, उजेड परत आला पाहिजे. आणि टोळीतलं कुणी, विशेषतः पोरंटोरं, दांडीवर बसून फडातून गावापर्यंत येत असतील तर त्यांना आधी उतरवावं, मग ट्रॅक्टर हलवावा.