नोकरीच्या वाटेवर दूरची ओळख

घोडनदीच्या पेठेत किंवा दौंडच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या दुकान सांभाळणाऱ्या आपल्या अनेक घरांतून आता संगणक अभियंते बाहेर पडत आहेत. मात्र पदवी हाती आली की वडिलांची अडचण सुरू होते. त्यांची ओळख अडत्यांशी, वाहतूकदारांशी, बँकेशी. खराडीच्या वा हिंजवडीच्या कंपन्यांत ती चालत नाही. खराडी शिरूरच्याच नगर रस्त्यावर आहे, दौंडहून पुण्याला रेल्वे आहे. तरीही वाट सापडत नाही.

व्यापार जवळच्या माणसांवर चालतो, उधारी त्यांच्याच शब्दावर मिळते. नोकरीचे गणित निराळे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन येथे नोकरी बदललेल्यांचा अभ्यास करून १९७३ साली आपला निष्कर्ष मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्केच त्या व्यक्तीस वारंवार भेटत असत. इतरांची भेट अधूनमधून वा क्वचितच होई. घरच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी परिघाबाहेरचा माणूस आणतो. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत दूरची ओळख अधिक उपयोगी पडते, इतर उद्योगांत जवळची, असे त्यात दिसले.

१९९७ साली सुरू झालेले नोकरी डॉट कॉम, २००३ चे लिंक्डइन, केंद्र सरकारची २०१५ ची नॅशनल करिअर सर्व्हिस ही साधने सर्वांना खुली आहेत. परंतु एकच अर्ज शंभर ठिकाणी धाडून फारसे साधत नाही. जाहिरात दिसताच ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, हे पाहून शक्यतो तिथेच अर्ज करावा. मग त्या कंपनीतील आपल्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी शोधून त्यास चार ओळी लिहाव्यात. थेट नोकरी न मागता तिथे कोणते काम चालते, हे विचारावे आणि सोबत स्वतःच्या प्रकल्पाचा दुवा द्यावा. दुकानातील साठ्याच्या नोंदीसाठी मुलीने बनविलेली छोटीशी प्रणालीही चांगला नमुना ठरते. असे विचारण्यात संकोच नसावा. अनेक कंपन्या योग्य उमेदवार सुचविणाऱ्या कर्मचाऱ्यास बक्षीस देतात. म्हणजे शिफारशीत दोघांचाही लाभ असतो.

येथे एक धोक्याची सूचना. व्यापारी घरात रोख रक्कम असते, हे ठग जाणतात. ‘अनामत भरा, नेमणूक पक्की’ असे म्हणणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. चांगली कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. कर्ज मंजूर करताना आम्ही कागदपत्रे ज्या बारकाईने तपासत असू, त्याच बारकाईने नेमणूकपत्र तपासावे: ईमेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आला आहे का, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत तिचे नाव आहे का, मुलाखत खरोखर झाली का. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने संगणकक्षेत्रातील भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. फसवणूक झाल्यास बदनामीच्या भीतीने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पालकांनी धीर धरावा. दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक माल घेतेच असे नाही, तसेच अर्जांचेही आहे. दोन-चार नकारांवरून ‘आता गल्ल्यावर बस’ असे मुलाला, किंवा ‘आता स्थळे पाहू’ असे मुलीला सांगण्याची घाई करू नये. येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून वीस दूरच्या ओळखींची यादी करावी: जुने प्राध्यापक, आतेभावाचा वर्गमित्र, पुण्यास गेलेला पूर्वीचा भाडेकरू. आणि पुण्यात स्थिरावलेल्या तरुणांनी शिरूर-दौंडहून आलेल्या अशा पत्राला दोन ओळींचे का होईना, उत्तर अवश्य द्यावे.