कापण्याआधीचा कागद

सहा मीटरच्या चौकोनी पाइपमधून एकेक मीटरचे सहा तुकडे निघतील, असे हिशेब सांगतो. पण कटऑफ मशीनची चकती दर कापाला तीनेक मिलिमीटर लोखंड खाते. पाच कापांत पंधरा मिलिमीटर गेले की सहावा तुकडा ९८५ चा निघतो. डिझाइनमध्येच ९९५ धरले असते, तर सहाही तुकडे त्याच पाइपमधून निघाले असते. फॅब्रिकेशनच्या कामात माल असा वाचतो किंवा वाया जातो, आणि ते आधी कळण्याची जागा म्हणजे कट लिस्ट. कोणता सेक्शन, किती लांब, दोन्ही टोकांना किती अंशांचा काप आणि किती नग, एवढेच तिच्यात असते.

ही यादी ड्रॉइंगवरून हाताने काढायची तर एक माप बदलले की दहा ठिकाणी खाडाखोड करावी लागते, आणि त्यातली एक जागा राहून जाते. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधले वेल्डमेंट नेमके हेच ओझे उचलते. आधी सांगाड्याच्या नुसत्या रेषा काढायच्या, मग प्रत्येक रेषेवर सेक्शन चढवायचा आणि कोपरे कसे भिडणार ते ठरवायचे. सारख्या आकाराचे तुकडे सॉफ्टवेअर स्वतः एकत्र मोजते.

समजा, मशीनसाठी १२०० लांब, ६०० रुंद आणि ९०० उंच स्टँड करायचा आहे, पाइप ५० चा. वरची चौकट ४५ अंशांत जोडली, तर १२०० चे दोन आणि ६०० चे दोन तुकडे लागतात. पाय चौकटीच्या खाली येतात म्हणून ८५० चे चार. पायांच्या मधल्या आडव्या पट्ट्या ११०० च्या दोन आणि ५०० च्या दोन. उद्या गिऱ्हाइकाने उंची ९५० मागितली, तर पायांच्या ओळीत आपोआप ९०० येते आणि बाकी यादी जागच्या जागी राहते. या साधनाचे खरे मोल मला इथे दिसते. चित्र आणि यादी वेगळी राहतच नाहीत, त्यामुळे एक बदलून दुसरे विसरायची सोयच उरत नाही.

तरी यादी वाचणाऱ्याला काही गोष्टी माहीत असाव्याच लागतात. दोन्हीकडे ४५ चा काप असलेल्या त्या १२०० च्या तुकड्याची आतली बाजू ११०० भरते. यादीतली लांबी बाहेरच्या, लांब बाजूची असते. ती आतली समजून कापली, तर चौकट शंभर मिलिमीटरने वाढते. अंशांचेही तसेच आहे. सॉफ्टवेअर सरळ काप शून्य अंश धरते. सरळ कापाला नव्वद म्हणणारा कारागीर तीसच्या जागी साठ लावू शकतो. एल आकाराच्या अँगल सेक्शनमध्ये आणखी एक पेच येतो. एका टोकाला तिरपा काप असला की डावा आणि उजवा तुकडा वेगळा होतो. चौकोनी पाइपसारखा तो पालटून चालत नाही. म्हणून यादीशेजारी प्रत्येक प्रकाराचे छोटे चित्र छापावे, असे माझे ठाम मत आहे.

नुसत्या एक्स्ट्रूडने काढलेल्या प्लेटची लांबी-रुंदी यादीत आपोआप येत नाही. तिच्याभोवती बाउंडिंग बॉक्स घालावा लागतो. सेक्शनचे वर्णन प्रोफाइलच्या फाइलमधून येते, त्यामुळे तिथली चूक प्रत्येक जॉबमध्ये उतरते. आपल्याकडच्या आयएसएमसी चॅनेलची किंवा आयएसए अँगलची प्रोफाइल स्वतः काढून ठेवायची, तर मापे भारतीय मानकाशी ताडून घ्यावीत आणि वर्णन कारखान्यात म्हणतात त्याच शब्दांत लिहावे.

सॉलिडवर्क्स मूळचे अमेरिकेतले. पहिली आवृत्ती १९९५ ची, आणि १९९७ मध्ये फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सने ते बनवणारी कंपनी घेतली. पुढे दासो आणि गोदरेज समूहातून आलेली जिओमेट्रिक यांनी मिळून थ्रीडी पीएलएम ही कंपनी काढली, तिचे काम पुण्यात चाले. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या शेडमध्ये पोचणाऱ्या यादीमागच्या सॉफ्टवेअरचे एक घर असे जवळच आहे.

कोणता तुकडा कोणत्या पाइपमधून काढायचा, हे मात्र कट लिस्ट सांगत नाही. तो प्रश्न गणिताचा आहे आणि जुना आहे. कमीत कमी माल वाया जाईल असे कापायचे कसे, याची मांडणी लिओनिद कांतोरोविच यांनी लेनिनग्राडमध्ये १९३९ च्या पुस्तिकेत केली. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९६१ मध्ये गिलमोर आणि गोमोरी यांनी आयबीएममध्ये त्यावर संगणकाला पेलेल अशी रीत दिली. कापण्याची मांडणी करून देणारी आजची सॉफ्टवेअर त्याच प्रश्नाला भिडतात.

आपल्या स्टँडला एकूण १०.२ मीटर पाइप लागतो, म्हणजे दोन नग. पहिल्यातून १२०० चे दोन, ११०० चे दोन, ८५० चा एक आणि ५०० चा एक: बेरीज ५९५०, आणि कापांसाठी पन्नास मिलिमीटर हातात. उरलेले सगळे दुसऱ्यातून निघून पावणेदोन मीटरच्या आसपास तुकडा राहतो. त्यावर सेक्शन आणि लांबी खडूने लिहून तो रॅकवर ठेवावा, आणि पुढच्या जॉबची मांडणी करताना शिल्लक मालात सहा मीटरच्या नगांबरोबर तोही भरावा. तेव्हा ४०० चे चार तुकडे लागणार असतील, तर नवा पाइप फोडायची गरज पडत नाही.