लकव्याचं माणूस घरी आलं, पुढचा महिना सांभाळा

आज लकव्याबद्दल बोलते. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर म्हातारं माणूस परत भरती का होतं आणि ते आधी ओळखता येतं का, एवढंच.

आमच्या गटातल्या एका ताईच्या सासऱ्यांना ऐन कापूस वेचणीत लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. 8 दिवसांनी सुट्टी झाली. गटातून कर्ज काढून गाडी केली, घरी आणलं, सगळ्यांना हायसं वाटलं. 10 दिवस होत नाहीत तोच ताप, छातीत घरघर, परत भरती. न्यूमोनिया. घरचे त्यांना आडवं ठेवूनच पेज पाजत होते. ठसका लागतो हे सुनेला दिसत होतं, पण त्यात धोका आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही भेटायला गेले होते. ठसका ऐकला आणि वर म्हणाले, ‘थोडं पाणी पाजा.’

लकव्यात गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात. घास अन्ननळीत जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरतो आणि फुप्फुसात जंतू वाढतात. म्हणून सुट्टीच्या आधी सिस्टरला विचाराच, गिळण्याची तपासणी झाली का? पाणी पातळ द्यायचं की दाटसर? घरी ताठ बसवून लहान घास द्या, नंतर अर्धा तास आडवं करू नका. ठसका लागला किंवा घोटानंतर आवाज ओला, घोगरा झाला तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

कॅनडात 2010 साली ‘लेस’ नावाची एक मोजणी निघाली. ती फक्त लकव्याची नाही, सगळ्याच रुग्णांची. माणूस किती दिवस भरती होतं, तातडीने आणलं होतं का, दुसरे आजार कोणते, मागच्या 6 महिन्यांत कितीदा तातडीच्या विभागात आलं, याचे गुण. 19 पैकी 10 किंवा जास्त आले की धोका मोठा. मोजणी चांगली आहे, पण वेचणीला सगळे गेल्यावर खाटेजवळ कोण असतं, हे त्यात येत नाही. ते आपल्यालाच माहीत.

आपल्या आशाताई सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीनंतरच्यांना वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना तोल जातो का? खायला, कपडे घालायला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं विसरतात का? सुट्टी होऊन आलेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात विचारा. सोबत आपलेही पाहा. लघवीची नळी आहे का, कमरेवर लाल चट्टा पडलाय का, दर 2 तासांनी कूस बदलतं का कुणी? आणि बीपीची गोळी! बरं वाटलं की ती बंद होते, मग दुसरा झटका येतो. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. कबुतराच्या रक्ताच्या मालिशीला मात्र लोक हजारो रुपये घालतात, त्याने काही होत नाही.

एक गोष्ट मला फार लागली. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 2011 ते 2013 मध्ये 86 गावांतले मृत्यू तपासले. दर 7 मृत्यूंमागे 1 लकव्याचा निघाला आणि त्यातले बहुतेक घरीच गेले. म्हणजे परत भरती झालं नाही, म्हणून माणूस बरंच आहे असं धरू नका. कधी गाडीभाड्यालाच पैसे नसतात.

ते सासरे आता बाजेवर टेकून बसून जेवतात. वेचणीच्या दिवसांत आम्ही पाळी लावली. दुपारी एक बाई जाते, जेवू घालते, गोळीची पट्टी मोजते, पाठ पाहते. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडं बोलायला लागले, तर किती वाजले ते पाहायचं आणि 108 ला फोन करायचा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.