विकारविलसित

विकारविलसित : विल्यम शेक्सपिअरच्या हॅम्लेट या शोकात्मिकेचे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी केलेले मराठी भाषांतर (१८८३). केसरीतील कोल्हापूर प्रकरणाविषयीच्या लिखाणावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर व बाळ गंगाधर टिळक यांना १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांना एकशे एक दिवस काढावे लागले. या कारावासात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचे काम केले. मूळ नाटकाचे नाव नायकाच्या नावावरून आले आहे. आगरकरांनी मात्र ‘मनोविकारांचा खेळ’ अशा अर्थाचे शीर्षक योजिले. सूडाच्या कथेपेक्षा त्या कथेत सापडलेल्या माणसांच्या मनोव्यापारांकडे वाचकाचे लक्ष वेधणारे हे नाव या नाटकाच्या आकलनाची एक दिशाच सुचविते.

हॅम्लेटचे मूळ कथानक बाराव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सो ग्रमॅटिकस याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या डेन्मार्कच्या इतिहासात आढळते. फ्रेंच लेखक बेलफॉरेस्ट याने ते सोळाव्या शतकात पुन्हा सांगितले. इंग्लंडमध्ये तोवर सूडनाट्याचा प्रकार लोकप्रिय झाला होता. रोमन नाटककार सेनिका याच्या शोकात्मिकांचा आदर्श आणि टॉमस किडच्या द स्पॅनिश ट्रॅजेडीचे (सु. १५८७) यश ही त्याची मुख्य कारणे होत. गुप्तपणे झालेला खून, सूडाची मागणी करणारे पिशाच, खरे किंवा खोटे वेड, नाटकातील नाटक, लांबत जाणारा सूड आणि अखेरचा सामुदायिक संहार ही या प्रकाराची ठराविक अंगे होत. शेक्सपिअरने सु. १६०० मध्ये हॅम्लेट लिहिले, तेव्हा यांतील एकही अंग त्याने वगळले नाही; परंतु प्रत्येकाला निराळे प्रयोजन दिले.

राजपुत्र हॅम्लेटचा पिता अकस्मात मरण पावला आहे. चुलता क्लॉडियस राजा झाला आहे आणि दोन महिन्यांच्या आत त्याने हॅम्लेटची आई गर्ट्रूड हिच्याशी विवाह केला आहे. आपल्या कानात विष ओतून क्लॉडियसनेच आपला घात केला, असे पित्याचे पिशाच सांगते व सूडाची आज्ञा करते. हॅम्लेट वेडाचे सोंग घेतो, नटांकडून तशाच खुनाचे दृश्य करवितो आणि राजाच्या अस्वस्थतेवरून त्याचा अपराध ताडतो. तथापि राजा एकटा प्रार्थनेस बसलेला असता तो त्याला मारत नाही. त्यानंतर लगेच पडद्याआड कोणीतरी लपल्याचे कळताच तो तलवार चालवितो. त्यात राजाऐवजी अमात्य पोलोनियस मरतो. या वधामुळे पोलोनियसची मुलगी ऑफेलिया भ्रमिष्ट होऊन बुडून मरते आणि तिचा भाऊ लेअर्टीझ सूडाला प्रवृत्त होतो. अखेरच्या द्वंद्वात विषारी तलवार आणि विषाचा प्याला यांनी गर्ट्रूड, लेअर्टीझ, क्लॉडियस व हॅम्लेट या चौघांचाही अंत होतो.

सूडाचा विषय नाटककाराने एकाच पात्रापुरता ठेवलेला नाही. हॅम्लेट, लेअर्टीझ आणि नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास या तिघांचेही पिते मारले गेले आहेत. लेअर्टीझ कोणताही विचार न करता शस्त्र उचलतो आणि त्यामुळेच क्लॉडियसच्या हातातले बाहुले बनतो. फॉर्टिनब्रास पित्याच्या गमावलेल्या भूमीचा हट्ट सोडून आपली सेना अन्यत्र वळवितो. शेवटी डेन्मार्कचे राज्य अनायासे त्याच्याकडेच येते. या दोघांच्या मध्ये हॅम्लेट उभा आहे. ज्याला प्रश्न पडत नाहीत तो सूड घेतो आणि फसतो. ज्याला प्रश्न पडतात त्याला सूड घेता येत नाही, हा पेच नाटकाच्या केंद्रस्थानी आहे.

हॅम्लेटच्या विलंबाची अनेक कारणे समीक्षकांनी सुचविली आहेत. गटेला तो पेलवणार नाही अशा कर्तव्याच्या ओझ्याखाली चिरडलेला कोमल जीव वाटला, कोलरिजने अतिचिंतनामुळे त्याची कृतिशक्ती खुंटल्याचे मानले, ए. सी. ब्रॅड्‌ली याने आईच्या वर्तनाने आलेल्या गाढ विषण्णतेवर भर दिला. फ्रॉइड व त्याचे अनुयायी यांनी त्याचे मूळ अबोध मनात शोधले. मात्र विलंबाचा एक भाग तरी दुबळेपणाचा नाही. पिशाच खरे की सैतानाची माया, हे ठरविल्यावाचून एका माणसाचा जीव घेऊ नये, असे हॅम्लेटला वाटते व म्हणून तो नाटकाच्या प्रयोगाने पुरावा मिळवितो. प्रमाणावाचून विश्वास ठेवू नये, असे पुढे सुधारकातून सातत्याने सांगणाऱ्या आगरकरांच्या बुद्धिवादाशी नायकाचा हा बाणा जुळणारा आहे.

गर्ट्रूडच्या विवाहाचा प्रश्न मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष नाजूक होता. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली असली, तरी उच्चवर्णीय समाजात तो निषिद्धच मानला जाई आणि आगरकर हे त्याचे पुरस्कर्ते होते. अशा लेखकाने आईच्या पुनर्विवाहाने संतापलेल्या नायकाची कथा मराठीत आणली, हे वरवर विसंगत वाटते. परंतु मूळ नाटकातील आक्षेप वैधव्यानंतरच्या विवाहमात्रावर नाही. दिराशी विवाह हा तेथील चर्चच्या नियमांनुसार अगम्यगमनात मोडतो, शिवाय तो अशोभनीय घाईने झालेला आहे. या एका घटनेवरून साऱ्या स्त्रीजातीला दोष देणे आणि निरपराध ऑफेलियाचा पाणउतारा करणे हा हॅम्लेटच्या क्षोभाचा परिणाम होय. तो नाटककाराचा निर्णय नव्हे. ऑफेलियाचे खरे वेड हॅम्लेटच्या सोंगाशेजारी ठेवून त्या क्षोभाची किंमत कोण चुकविते, हे शेक्सपिअरने दाखविले आहे. ‘विकार’ हा शब्द येथे अन्वर्थक ठरतो.

सूड ही कल्पना मराठी प्रेक्षकाला अपरिचित नव्हती. भट्टनारायणाच्या वेणीसंहारात भीम प्रतिज्ञेप्रमाणे दुर्योधनाच्या रक्ताने द्रौपदीची वेणी बांधतो, कृ. प्र. खाडिलकरांच्या कीचकवधातही (१९०७) अन्यायाचे परिमार्जन भीमाच्याच हातून होते. या परंपरेत प्रतिज्ञापूर्ती म्हणजे धर्माची पुनःस्थापना होय. नायकाला पडणारा प्रश्न वेळेचा असतो, न्याय्यतेचा नसतो. विकारविलसिताने पित्याच्या आज्ञेपुढे थबकणारा पुत्र मराठीत आणला. संस्कृत नाट्यपरंपरेला शोकान्त शेवट संमत नसल्याने नायकाच्या मृत्यूने संपणारे नाटकही त्या काळी नवीनच होते. महादेवशास्त्री कोल्हटकर यांच्या ऑथेल्लोच्या भाषांतराने (१८६७) त्याची सुरुवात केली होती.

आगरकरांचे भाषांतर रंगभूमीवर गाजले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे. प्रा. वासुदेवराव केळकर यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्या या मंडळीचे प्रमुख नट गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांची हॅम्लेटची भूमिका संस्मरणीय मानली जाते. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात गद्य संवाद आणि दीर्घ स्वगते यांच्या बळावर प्रेक्षकांना खिळवून ठेवता येते, हे या प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे नाना जोग यांनी हॅम्लेटचे नव्याने भाषांतर केले. वि. वा. शिरवाडकरांच्या नटसम्राटमधील (१९७०) वृद्ध नटाच्या जीवनमरणविषयक स्वगतावर हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताची छाया स्पष्ट दिसते. २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सुमीत राघवन यांनी मराठी रंगमंचावर ही भूमिका केली.

नाटकाच्या अखेरीस सूड पुरा होतो. परंतु तो हॅम्लेटने योजल्याप्रमाणे होत नाही. क्लॉडियसने रचलेला सापळा त्याच्यावरच उलटतो आणि हॅम्लेटला कृतीची संधी मिळते, ती स्वतःचा मृत्यू अटळ झाल्यावरच. मरताना तो आपला मित्र होरेशिओ याला जिवंत राहून खरी हकिकत सांगण्याची विनंती करतो. पिशाचाने पुत्राकडे रक्त मागितले होते. पुत्र मित्राकडे सत्यकथनाची मागणी करतो. सूडनाट्याच्या परंपरेपासून हॅम्लेट वेगळे ठरते ते या अंतरामुळे, आणि विकारांच्या खेळाचे अवलोकन विवेकाने करावे, हा विकारविलसित या नावातील अभिप्रायही त्यामुळे सार्थ ठरतो.