पाटनचेरूचं पाणी आणि माशाचं हृदय

झेब्राफिश हा आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांतला बोटाच्या पेराएवढा मासा. त्याचा भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो. फलनानंतर साधारण 24 तासांत हृदयाची सरळ नळी धडधडू लागते. पुढच्या दिवसभरात ती वळते, कप्पे पडतात. सारं सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतं.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूत सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात शुद्ध होत असे. त्या प्रक्रिया झालेल्या पाण्यात स्वीडिश संशोधकांनी 2007 साली सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकासह अनेक औषधांचे प्रचंड अंश नोंदवले. 2009 मध्ये झेब्राफिशचे भ्रूण त्यात वाढवून पाहिले. 8 टक्के सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात 48 तासांतच ठोके मंदावले, हालचालही घटली. ‘शुद्ध’ केलेल्या पाण्याची ही गत, हे मला फार अस्वस्थ करतं.

दोष कुठल्या एका रेणूचा, हे मिश्रणातून सांगणं कठीण. पण रसायनांमुळे ठोका कसा बिघडू शकतो, याचं एक उदाहरण खनिज तेलाचं आहे: त्यातली काही रसायनं हृदयपेशींतल्या कॅल्शियम-पोटॅशियमच्या वाहतुकीत अडथळा आणतात, हे ट्यूना माशांत दिसलं आहे. ठोका बिघडला की घडणही बिघडते, कारण वाहत्या रक्ताचा दाबही कप्प्यांना आकार देतो.

मासा म्हणजे माणूस नव्हे. पण माणसाच्या भ्रूणाचं हृदयही फलनानंतर चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच धडधडू लागतं. तेव्हा अनेक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.