क्यूची शस्त्रक्रिया

निवृत्तीनंतर घरी लाकूडकामाचा लेथ घेतला. त्यावरचा पहिला रुग्ण म्हणजे दिवंगत डॉक्टर-मित्राचा पूलचा क्यू. टोकाची फेरूल तडकलेली, चामड्याची टिप झिजलेली. त्याच्या मुलीला तोच क्यू घेऊन खेळायचे होते.

मेपलचा हा दांडा टोकाशी सुमारे १३ मिलिमीटर जाड असतो. घरगुती लेथच्या पोकळ दांडीतून तो सहसा आरपार जात नाही. टोक निराधार ठेवून वेगाने फिरवले, तर ते चाबकासारखे उसळते. म्हणून सांध्याकडची बाजू चकमध्ये धरली, टिपेजवळ आधाराची चौकट लावली आणि वेग मंद ठेवला. आतली लाकडी खुंटी शाबूत राखून जुनी फेरूल कातून काढली. नवी चिकटवली, पूर्ण वाळू दिली, मग दांड्याशी समतल केली. शेवटी टिप बसवून तिला घुमटाचा आकार दिला.

खरा मोह पुढेच होता. काचकागदाने मळ निघाला, तसा दांडा आणखी गुळगुळीत करावासा वाटला. परंतु झिजलेले लाकूड परत येत नाही. निमुळता उतार बदलला असता, तर मित्राच्या हाताची खूणच पुसली गेली असती. मी लेथ थांबवला. कोठे थांबावे, हे शस्त्रक्रियेने शिकवलेच होते.

जाता जाता : लेथवर सैल बाह्या व हातमोजे वर्ज्य, चष्मा व मुखपट्टी अनिवार्य.